पोटरी दुखते: मणका की रक्तवाहिनी?

एकीला पर्वती चढताना पोटरीत गोळा येतो. पायरीवर जरा थांबलं की जातो, चढायला लागलं की पुन्हा येतो. दुसरी चढते बरी, पण उतरताना तिचे पाय जड होतात, मांडीपासून मुंग्या येतात. घरी दोघी सांगतात एकच, "चाललं की पाय दुखतात." आणि उत्तरही दोघींना एकच मिळतं: वय झालं, गुडघे झिजले, नाहीतर मणक्यात गॅप.

पहिलीच्या पायाची धमनी आतून चरबीचे थर साचून अरुंद झालेली असते. चालताना स्नायूला जेवढं रक्त लागतं तेवढं पोचत नाही. नुसतं उभं राहिलं तरी काही मिनिटांत दुखणं ओसरतं. दुसरीच्या कमरेत मज्जातंतू दाबले जातात. तिला उभं राहून आराम नाही. बसावं लागतं किंवा पुढे वाकावं लागतं. म्हणूनच ती सुपरमार्केटात ट्रॉलीवर रेलून निवांत फिरते आणि तुळशीबागेत घासाघीस करत उभी राहिली की हैराण होते. पहिली दुकानात ठीक असते, पण मंडईकडे झपाझप निघाली की पोटरी धरते. "उभं राहून बरं वाटतं की बसून?" एवढा प्रश्न एमआरआयच्या आधी विचारायलाच हवा. साठीनंतर एमआरआयमध्ये मणक्यात काही ना काही दिसतंच, आणि मग शोध तिथेच थांबतो.

हा घोळ पुरुषांचाही होतो, पण बायकांना महाग पडतो. सिगारेट ओढणारा पुरुष पोटरी धरून आला की धमनीची शंका लगेच येते. बायकांमध्ये हा आजार बहुधा पाळी गेल्यानंतर, उतारवयात दिसतो. कित्येकींना गोळा येतच नाही, नुसता थकवा जाणवतो. त्यातून चालणंच कमी झालेलं असेल तर दुखणं उमटायला वावही नसतो. आणि "सिगारेट ओढता का?" असं विचारल्यावर मिश्री लावणाऱ्या आजी अगदी खरेपणाने "नाही" म्हणतात. व्हस्क्युलर सर्जनकडे, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे, पोचेपर्यंत अनेकींच्या पायावर न भरणारी जखम झालेली असते.

मग पायाच्या अँजिओप्लास्टीबद्दल, म्हणजे नळी घालून अरुंद धमनी आतून रुंद करण्याबद्दल, कानावर येतं, "बायकांना अँजिओप्लास्टी मानवत नाही." यात थोडं तथ्य आहे. त्यांच्या धमन्या बारीक असतात, आणि जांघेतून नळी घातल्यावर रक्तस्राव त्यांच्यात अधिक वेळा होतो. पण वय आणि आजाराची पायरी हिशेबात धरली की पाय वाचण्याच्या बाबतीत अनेक अभ्यासांत स्त्री-पुरुषांतलं अंतर बरंच कमी होतं. तेव्हा सगळा दोष शरीराच्या माथी मारणं मला पटत नाही.

पोटातल्या महाधमनीला येणाऱ्या फुग्याचं, म्हणजे एन्युरिझमचं, तसं नाही; तिथे शरीरातला फरक खरंच आड येतो. तो पुरुषांत कितीतरी जास्त आढळतो, पण बाईचा फुगा कमी आकारातच फुटू शकतो. म्हणून पुरुषांत साधारण 5.5 सेंटीमीटरला शस्त्रक्रियेचा विचार होतो, तर बायकांत 5 सेंटीमीटरलाच. 2017 साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या एकत्रित आढाव्यात पोट न उघडता आतून स्टेंट (आधाराची नळी) बसवण्याजोगी धमनीची रचना 54 टक्के पुरुषांत होती, बायकांत फक्त 34 टक्के. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर 30 दिवसांतले मृत्यू पुरुषांत 2.8 टक्के, बायकांत 5.4.

पायाची शंका असेल तर पहिली तपासणी साधी आहे, सुईसुद्धा टोचत नाहीत. घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा रक्तदाब, हा एबीआय. 0.90 किंवा त्याहून कमी आला तर धमनीत अडथळा. जुना मधुमेह असेल तर मात्र धमन्या कडक होऊन आकडा खोटाच चांगला किंवा 1.40 च्याही वर येतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजायला सांगावा. आणि रात्री झोपेत पाऊल ठणकत असेल, पाय पलंगाखाली सोडल्यावरच बरं वाटत असेल, तर मणक्याच्या डॉक्टरांच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता आधी व्हस्क्युलर सर्जन गाठावा.