पाळीपूर्व पोटफुगी

पाळी येण्याच्या आधीच्या काही दिवसांत पोट ताठ, जड आणि फुगल्यासारखे वाटणे. ‘पोट डब्ब झालंय’ असे म्हणत पुण्यात त्याचे खापर बहुधा आदल्या दिवशीच्या मिसळीवर फुटते. मिसळीचा वाटा असतोही. पण दर महिन्याला त्याच सुमारास हे होत असेल, तर कारण संप्रेरकांत (हार्मोन्समध्ये) शोधावे.

पाळीचे चक्र सरासरी २८ दिवसांचे धरतात. २१ ते ३५ दिवसांचे चक्रही नेहमीचेच. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर अंडाशयात पीतपिंड ही तात्पुरती ग्रंथी तयार होते व प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक स्रवू लागते. गर्भाशयाचे स्नायू शांत ठेवणे हे त्याचे काम. पण त्याच्यामुळे आतड्याचे स्नायूही सैलावतात. अन्न रेंगाळते, शौचाला खडा होतो, वायू धरतो.

फुगीचा दुसरा भाग पाण्याचा, आणि तो जास्त गुंतागुंतीचा. प्रोजेस्टेरॉन शरीरात पाणी साठवतो, असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात मूत्रपिंडात तो मीठ धरून ठेवणाऱ्या अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाला विरोध करतो. त्यावर उपाय म्हणून शरीर अल्डोस्टेरॉन वाढवते. इस्ट्रोजेन हे दुसरे स्त्री-संप्रेरकही पाणी राखण्याकडे कल ठेवते. बोटातली अंगठी घट्ट होते, सलवारची नाडी सैल बांधावी लागते. गंमत अशी, की अंगावर पाणी चढल्याची भावना अनेकींना पाळीच्या पहिल्या दिवशी सर्वाधिक असते, आणि तेव्हा प्रोजेस्टेरॉन व इस्ट्रोजेन दोन्ही खाली आलेली असतात. रक्तस्राव सुरू होताना प्रोस्टाग्लँडिन या शरीरातल्या रसायनांमुळे गर्भाशयाबरोबर आतडेही आकुंचन पावते. म्हणून आधी बद्धकोष्ठ असलेल्या काहींना त्या दिवशी जुलाब होतात. पुढे दोन-तीन दिवसांत पोट उतरते.

या दिवसांत फरसाण, पापड, लोणचे बेताने खावे. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस बाकरवडीच्या शहरात पाळणे सोपे नाही. चतुर्थीची साबुदाण्याची खिचडी नेमकी याच आठवड्यात आली, तर चोथा कमी पडून खडा वाढतो. ओवा, हिंग, बडीशेप या घरगुती उपायांनी वायूला थोडा उतार पडतो, पाण्याला नाही. पाणी पिणे तोडून उपयोग नाही. पर्वती किंवा तळजाईच्या टेकडीची फेरी मात्र आतड्याला हलवते.

पाळी संपूनही न उतरणारी फुगी, थोडे खाल्ले तरी पोट भरणे, वजन घटणे, किंवा पन्नाशीच्या सुमारास नव्याने सुरू झालेली फुगी यांचा संबंध अंडाशयाच्या कर्करोगाशीही असू शकतो. अशा वेळी ‘गॅसेस असतील’ म्हणून ओवा चघळत न बसता स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवून सोनोग्राफी करावी.