घोरपड, घोरपडे, घोरपडी : एका नावाची पार्श्वभूमी

घोरपडे आडनावाचा विषय निघाला की चर्चा दोन वाक्यांत कोंढाण्यावर पोहोचते आणि मग तिथून खाली उतरत नाही. तानाजीच्या मावळ्यांनी यशवंती नावाच्या घोरपडीला दोर बांधून कोंढाण्याचा (सिंहगडाचा) कडा चढला आणि त्यावरून हे आडनाव पडले, असे सांगितले जाते. वास्तविक कोंढाण्याचा या आडनावाशी काही संबंध नाही. गड घेतला गेला १६७० साली. त्याआधी बावीस वर्षे, १६४८ मध्ये, शहाजीराजांना जिंजीजवळ कैद करणारे बाजी घोरपडे हेच आडनाव लावत होते. ते आजच्या कर्नाटकातल्या मुधोळचे आणि नोकरी आदिलशाहीची. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी मुधोळवर चाल केली, त्यात बाजी मारले गेले.

आडनाव ज्या प्रसंगाला जोडतात तो १४७१चा, खेळण्याचा म्हणजे आजच्या विशाळगडाचा. बहमनी वजीर महमूद गावान कोकणच्या मोहिमेवर होता. मुधोळ घराण्याच्या परंपरेप्रमाणे कर्णसिंह आणि त्यांचा मुलगा भीमसिंह यांनी घोरपडीला दोर बांधून कडा चढवला. कर्णसिंह कामी आले, गड पडला, आणि भीमसिंहांना ‘राजा घोरपडे बहाद्दर’ हा किताब मिळाला. या किताबाचे फारसी फर्मान घराण्याच्या दप्तरात होते. १९३०च्या दशकात संस्थानाचा इतिहास छापला गेला तेव्हा ते सर्वांसमोर आले, आणि वाद खरा तिथून सुरू झाला.

हा वाद घोरपडीवरून पेटला असे वाटते, पण त्याचे मूळ वंशावळीत आहे. याच परंपरेत उग्रसेनाचे दोन मुलगे येतात. कर्णसिंहांपासून मुधोळचे घोरपडे, तर शुभकृष्णापासून वेरुळचे भोसले. त्याच्या मागची साखळी मेवाडच्या सिसोदियांपर्यंत जाते. म्हणजे मुधोळची फर्माने अस्सल ठरली तर भोसल्यांच्या राजपूत वंशाला १६७४च्या राज्याभिषेकाच्या कितीतरी आधीचा कागदी पुरावा मिळतो. बनावट ठरली तर तो पुरावा जातो. त्यामुळे कागदाची तपासणी करणाऱ्या दोन्ही बाजूंना निकाल आधीच ठाऊक असल्यासारखे लिखाण पुढची कित्येक वर्षे होत राहिले. एका बाजूने मूळ कागद आणि परंपरेचे सातत्य पुढे केले, दुसऱ्या बाजूने तारखा, नावे आणि समकालीन साधनांतले मौन दाखवले.

मौनाचा मुद्दा वजनदार आहे. फिरिश्ता या फारसी इतिहासकाराच्या तवारिखेत खेळणा हाती आला तो युक्तीने आणि पैसा, वस्त्रे, जवाहीर वाटून. म्हणजे फितुरीने किंवा वाटाघाटीने, कडा चढून नव्हे. घोरपडीचा तिथे मागमूस नाही. किताब खरा आणि घोरपडीची हकीकत त्याचा अर्थ लावण्यासाठी मागाहून रचलेली, ही शक्यता सर्वांत कमी गुंतागुंतीची आहे. प्राण्यावरून पडलेली आडनावे मराठीत पैशाला पासरी आहेत. लांडगे, कोल्हे आणि सरडे यांच्यासाठी कुणी किल्ला शोधत बसत नाही.

आता प्राण्याकडे. आपल्याकडची घोरपड नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत जास्तीत जास्त पावणेदोन मीटरपर्यंत वाढते, त्यातली निम्म्याहून अधिक लांबी शेपटीची. भरलेल्या नराचे वजन सात किलोच्या आसपास. माणसाला पेलेल असा काथ्याचा किंवा अंबाडीचा दोर मीटरला पाव किलो धरला तरी तीस मीटरला साडेसात किलो होतो. म्हणजे प्राण्याला स्वतःच्या वजनाहून जड दोर उभ्या कड्यावरून ओढत न्यायचा आहे. बारीक सुतळी नेता येईल, पण तिला जाड दोर बांधून ओढून घ्यायला वर आधीच कुणीतरी हवा. आणि तो असेल तर घोरपडीचे काम उरत नाही.

‘घोरपड चिकटली की सुटत नाही’ ही समजूत मात्र पोकळ नाही. घोरपड फटीत शिरते, नखे रोवते आणि हवा भरून अंग फुगवते. कपारीत अशी पाचरीसारखी बसली की शेपूट धरून ओढणाऱ्याला ती सहज दाद देत नाही. पण हे होते फटीत, उघड्या कातळावर नाही. ती कोणत्या फटीत शिरेल हे दोर धरणाऱ्याच्या हातात नसते, आणि बाहेरच्या दिशेने माणसाचा झोला बसला तर दगड ढिला आहे की पक्का यावर सगळे अवलंबून. शिवाय हा दिवसा, ऊन खाऊन हिंडणारा थंड रक्ताचा प्राणी आहे. कोंढाण्याचा हल्ला माघ वद्य नवमीच्या रात्री, फेब्रुवारीच्या थंडीत झाला. त्या वेळी घोरपड बिळात सुस्त पडलेली असते.

सभासदाच्या बखरीत मावळे वानरासारखे चढले एवढेच आहे. यशवंती घोरपड येते ती तुळशीदासाच्या पोवाड्यातून. ‘घोरपड म्हणजे दोराची शिडी’ किंवा ‘घोरपड म्हणजे कडे चढणारा माणूस’ अशी मतेही मांडली जातात. ती सोयीची आहेत, कारण पोवाडाही राहतो आणि तर्कही राहतो. पण पोवाड्यातली यशवंती अर्ध्या कड्यावरून परत फिरते आणि तानाजी तिला कापून खाण्याची धमकी देतो. शिडीला कुणी अशी धमकी देत नाही.

नावाचा खरा पसारा वाढला तो सतराव्या शतकाच्या अखेरीस, आणि घोटाळाही तेव्हाचाच. राजारामांच्या काळात संताजी सेनापती झाले. त्यांची शाखा कापशीची, किताब ‘ममलकतमदार’. भाऊ बहिर्जी ‘हिंदुराव’, मालोजी ‘अमीर-उल-उमराव’. बहिर्जींच्या शाखेतले मुरारराव आजच्या आंध्रातल्या गुत्तीच्या किल्ल्यात बसले. १७७६ मध्ये हैदरअलीने गुत्ती घेतली आणि ते त्याच्या कैदेत वारले. पुढे सोंडूर संस्थान याच शाखेकडे राहिले.

दप्तरात काम करणाऱ्याची सर्वांत जास्त फसगत इचलकरंजीवरून होते. संताजींच्या पदरी म्हापणचे नारो महादेव जोशी होते. धन्याविषयीच्या कृतज्ञतेपोटी त्यांनी घोरपडे आडनाव घेतले. तेव्हापासून एकच आडनाव मराठा आणि ब्राह्मण अशा दोन्ही घराण्यांत चालते, रक्ताचे नाते नसताना. या इचलकरंजीकरांच्या घरात बाळाजी विश्वनाथ पेशव्यांची मुलगी अनुबाई व्यंकटरावांना दिलेली. नुसते ‘घोरपडे’ लिहिलेले पत्र हाती आले तर आधी मायना आणि किताब पाहावा, मग गाव, आणि व्यक्तीचे नाव सर्वांत शेवटी. व्यंकटराव मुधोळलाही आहेत आणि इचलकरंजीलाही. मालोजी मुधोळ आणि कापशी दोन्हीकडे. नावावरून शाखा ठरवली की वंशावळीत काका-पुतण्यांची अदलाबदल ठरलेली.

पुण्यातली दोन स्थळेही अशीच एकमेकांवर चढवली जातात. घोरपडे पेठ स्वारगेटजवळ, सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत वसलेली, सरदार घराण्याच्या नावाची. घोरपडी हे पूर्वेचे गाव, पुढे लष्कराच्या वस्तीत आलेले. पुण्याहून निघालेले दौंड आणि मिरजचे रूळ तिथे वेगळे होतात. रेल्वेच्या इंग्रजी लेखनात त्याचे ‘घोरपुरी’ झाले आणि नवख्यांनी ते तसेच उच्चारायला सुरुवात केली. लोणावळा लोकलवर तळेगावच्या अलीकडचे घोरावाडी आणि तिथले घोरावडेश्वर हे तिसरेच प्रकरण; शोधयंत्रात ती नावे सरमिसळ होऊन येतात, एवढाच त्यांचा संबंध.

मुधोळचा शिकारी कुत्रा घोरपडे संस्थानिकांनी जोपासला आणि त्याची जोडी पंचम जॉर्जला भेट दिली. नाव मात्र गावाचे मिळाले, घराण्याचे नाही.

घोरपडीच्या वाट्याला आलेला अलीकडचा इतिहास कायद्याचा आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ती पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. मारणे, पकडणे, कातडी किंवा अवयव बाळगणे यांना किमान ३ आणि कमाल ७ वर्षे कैद. २०२२च्या दुरुस्तीने दंडाची खालची मर्यादा १० हजारांवरून २५ हजार झाली. वाघ्या-मुरळीच्या दिमडीवर, म्हणजे छोट्या डफावर, पूर्वी घोरपडीचे कातडे चढत असे. जुनी दिमडी घरात असेल तरी ती विकायला काढणे हा या कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. दुसरा, कमी माहीत असलेला धोका ‘हाथाजोडी’चा. धनलाभासाठी झुडपाचे मूळ म्हणून विकली जाणारी, दोन जोडलेल्या हातांसारखी दिसणारी ती वाळकी वस्तू बहुतेक वेळा नर घोरपडीचे जननेंद्रिय असते. शेंदूर लावून डबीत दिल्यामुळे घेणाऱ्याला ते कळत नाही, आणि छापा पडल्यावर ‘मुळी समजून घेतली’ हा बचाव तपासणीचा अहवाल येईपर्यंतच टिकतो.