वेल्डिंगचा तडा उशिरा का जातो?

‘तीन महिन्यांत सिक्स-जी शिका, आखातात लाखाची नोकरी मिळवा’ अशा जाहिराती मोबाइलवर सारख्या दिसतात. सिक्स-जी म्हणजे ४५ अंशांत तिरका, पक्का बसवलेला पाइप न फिरवता चहूबाजूंनी जोडण्याची परीक्षा. वरून, बाजूने, खालून, सगळ्या तऱ्हांनी रॉड चालवावा लागतो, म्हणून तिला भाव आहे. पण व्हिडिओत दिसते ती फक्त चकचकीत बीड, म्हणजे जोडावर गोठलेली धातूची रेघ, आणि देखणी बीड म्हणजे मजबूत जोड असा समज होऊन बसतो. तीच बीड दुसऱ्या दिवशी आतून तडकलेली निघू शकते!

आयटीआयचा वेल्डर ट्रेड एक वर्षाचा, आठवी पास मुलांनाही प्रवेश मिळतो. सुरुवात बहुधा ६०१३ क्रमांकाच्या रॉडने होते. तो पटकन पेटतो, थोडी हयगय चालवून घेतो. पुढे ७०१८ हाती येतो आणि त्याच्यासोबत ओव्हन. हा रॉड साधारण ३०० अंशांवर तास-दोन तास भाजायचा, मग पोर्टेबल ओव्हनमधून एकेक काढून वापरायचा. नवख्याला हा निव्वळ सोपस्कार वाटतो. मला मात्र सगळ्या वेल्डिंगमध्ये हाच भाग सर्वांत आवडतो.

भाजायचा तो ओल घालवायला. रॉडवरच्या लेपाला ओल लागलेली असली की आर्कच्या, म्हणजे रॉडच्या टोकाशी पेटणाऱ्या विजेच्या ज्योतीच्या, हजारो अंशांत पाण्याचे रेणू फुटतात आणि सुटा हायड्रोजन वितळलेल्या पोलादात विरघळतो. पोलाद गोठताना त्याची विद्राव्यता एकदम घटते, तरी बराचसा आत अडकून राहतो. अणू इतका लहान, की थंड पोलादाच्या स्फटिकजालातूनही तो सरकत राहतो आणि ताण जास्त असेल तिथे गोळा होतो. ताण तर असतोच, कारण वेल्ड आकसू पाहतो आणि भोवतालची प्लेट त्याला आकसू देत नाही. त्यात जोडालगतचा पट्टा ८०० वरून ५०० अंशांवर झपाट्याने आला, तर कार्बनला लोखंडाच्या जालातून बाहेर पडायला सवड मिळत नाही आणि मार्टेन्साइट नावाचं पोलादाचं रूप तयार होतं. कडक, पण ठिसूळ. हायड्रोजन, ताण आणि मार्टेन्साइट एकत्र आले की तडा जातो, तोही काही तासांनी, कधी दिवसांनी. म्हणून जाड किंवा उच्चशक्तीच्या पोलादाचा जोड ४८ तास थांबून तपासतात.

पोलाद किती धोक्याचं, हे कार्बन समतुल्यावरून कळतं. कार्बनच्या टक्केवारीत मँगनीजचा सहावा भाग मिळवा. क्रोमियम, मॉलिब्डेनम, व्हॅनेडियम यांच्या बेरजेचा पाचवा आणि निकेल, तांबं यांच्या बेरजेचा पंधरावा भागही मिळवा. उत्तर ०.४ च्या पुढे सरकलं की सावध व्हायचं आणि जाडी बघून प्लेट आधी तापवून घ्यायची. मग ती सावकाश निवते, हायड्रोजनलाही निसटायला वेळ मिळतो.

जाता जाता गुळाबद्दल. ‘धूर साफ होतो’ म्हणून बऱ्याच कारखान्यांत वेल्डरला गूळ देतात. गूळ जातो जठरात, धूर फुफ्फुसांत. दोघांची गाठच पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगच्या धुराला कर्करोगकारक ठरवलं आहे. तेव्हा धूर ओढणारा पंखा आणि योग्य मास्क मागून घ्यावा. गूळ आवडत असेल तर खुशाल खावा.

आणि कोर्सची चौकशी करायला गेलात, तर भिंतीवरचे पगाराचे आकडे सोडून आधी वर्कशॉपमधला ओव्हन पाहा. तो गरम आहे का, की त्यात पोरांचे जेवणाचे डबे आहेत?