मांडीचे हाड जुळवताना सोनोग्राफीची मदत

मांडीचे हाड हे शरीरातले सर्वांत लांब हाड. ते मधोमध मोडले की भोवतालचे दणकट स्नायू दोन्ही तुकडे एकमेकांवर ओढून घेतात आणि पाय आखूड होतो. नुसत्या प्लास्टरने हे निभत नाही, म्हणून हाडाच्या पोकळीत धातूचा रॉड घालतात. जर्मन शल्यचिकित्सक गेरहार्ड कुन्चर यांनी १९३९ मध्ये ही पद्धत आणली.

रॉड घालताना सहसा पूर्ण मांडी उघडत नाहीत. लहानशा छेदातून काम चालते आणि आतले दिसावे म्हणून सी-आर्म हे एक्स-रे यंत्र वापरतात. रुग्णाच्या वाट्याला ते किरण एकदाच येतात. थिएटरमधल्या डॉक्टर-नर्सच्या वाट्याला मात्र वर्षानुवर्षे. शिशाचा एप्रन धड झाकतो, हात उघडेच राहतात.

माझ्या मते याहून मोठी अडचण पिळाची आहे. सी-आर्मचे चित्र सपाट असते. समोरून पाहिले, बाजूने पाहिले, हाड अगदी सरळ दिसते. तरी खालचा तुकडा स्वतःच्या अक्षाभोवती फिरलेला असू शकतो. तो तसाच जुळला, तर चालताना पाऊल आत किंवा बाहेर वळते. दुसऱ्या पायाच्या तुलनेत १५ अंशांहून जास्त फरक हा सामान्यतः दोष मानला जातो, आणि तो काढायला कधी कधी पुन्हा ऑपरेशन करावे लागते.

इथे सोनोग्राफी मदतीला येऊ शकते. तिचा ध्वनी मऊ ऊतींतून सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो. हाड लागले की त्याचा बराच भाग परततो. पडद्यावर एक लखलखीत पांढरी रेघ उमटते आणि तिच्यामागे काळी सावली. हाडापलीकडचे दिसत नाही, म्हणून हा तिचा दोष समजला गेला. पण तुकडे जुळवायला पृष्ठभाग पुरेसा असतो! फ्रॅक्चरपाशी ती रेघ तुटते, तिला पायरी पडते. तुकडे जागेवर आले की पायरी नाहीशी होते.

पिळासाठी प्रोबवर, म्हणजे त्वचेवर टेकवायच्या सोनोग्राफीच्या उपकरणावर, खुणा बसवतात आणि इन्फ्रारेड कॅमेरा त्यांच्यावरून प्रोबची जागा व दिशा टिपत राहतो. हाडाच्या मानेची (खुब्याजवळच्या निमुळत्या भागाची) एक प्रतिमा आणि गुडघ्याजवळच्या दोन उंचवट्यांची दुसरी घेतली, की दोन्हींमधला कोन संगणक काढतो. तो धडक्या पायाशी ताडून पाहायचा. किरण शून्य.

हे अजून मुख्यतः संशोधनात आहे, आणि त्याला कारणे आहेत. प्रोब तिरका लागला तर प्रतिध्वनी भलतीकडे जातो. स्नायूंची आवरणेही हाडासारखी चमकतात, म्हणून खरी रेघ ओळखायला सॉफ्टवेअरला शेकडो प्रतिमांवर शिकवावे लागते. मांडी जाड असेल तर कमी वारंवारता वापरावी लागते आणि चित्र पुसट होते. चरबीत ध्वनी स्नायूंपेक्षा हळू जातो, त्यामुळे खोलीचा अंदाजही थोडा चुकतो. शिवाय रॉड हाडाच्या आत असतो. त्याच्या खालच्या टोकाच्या भोकांत स्क्रू बसवायची वेळ आली की सी-आर्म पुन्हा जवळ ओढावाच लागतो.