रसायनशास्त्राची उजळणी (माध्यमिक शाळा, नागपूर)

नववी-दहावीच्या अभ्यासक्रमातील रसायनशास्त्राचा भाग वर्गातील साध्या साधनांच्या मदतीने शिकवणे आणि परीक्षेपूर्वी पुन्हा पक्का करून घेणे, याला शाळांमध्ये ढोबळपणे ‘उजळणी’ म्हणतात. राज्य मंडळाच्या शाळांत या पातळीवर रसायनशास्त्र हा स्वतंत्र विषय नाही. दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ भाग १ मधील दहा पाठांपैकी चार रसायनाचे आहेत: मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण, रासायनिक अभिक्रिया व समीकरणे, धातुविज्ञान आणि कार्बनी संयुगे. दोन्ही भागांची लेखी परीक्षा प्रत्येकी ४० गुणांची, आणि प्रात्यक्षिक-अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण. नागपूर विभागीय मंडळाच्या कक्षेत नागपूरसह वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे येतात.

विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. त्यामुळे वर्षाच्या सुरुवातीचे दिवस हातचे जातात आणि रसायनाचे पाठ दिवाळीनंतर घाईत उरकले जातात. उजळणीचे महत्त्व वाढते ते यामुळेही.

भाषेची अडचण. नागपुरात मराठी, हिंदी आणि सेमी-इंग्रजी अशा तिन्ही वाटांनी मुले येतात, आणि गल्लीत-बाजारात हिंदी सर्रास चालते. याचा फटका सर्वांत जास्त ‘आम्ल, आम्लारी व क्षार’ या पाठाला बसतो. हिंदीत अम्ल, क्षारक आणि लवण. मराठीत आम्ल (ॲसिड), आम्लारी (बेस) आणि क्षार (सॉल्ट). म्हणजे हिंदी पुस्तकात ‘क्षार’ या शब्दाचे नाते ज्या गटाशी आहे, मराठी पुस्तकात त्याला आम्लारी म्हणतात, आणि मराठीतला क्षार म्हणजे हिंदीतले लवण. घरी हिंदी ऐकणारे मूल कॉस्टिक सोड्याला क्षार म्हणते तेव्हा ते चुकलेले नसते. दुसऱ्या भाषेतले उत्तर देत असते. कॉपर सल्फेटच्या मोरचूद (मराठी) आणि नीला थोथा (हिंदी) या नावांचेही तसेच, मात्र तिथे गोंधळ होत नाही, कारण निळा खडा डोळ्यांसमोर असतो. म्हणून उजळणीचे पहिले साधन तीन रकान्यांचा भिंतीवरचा तक्ता हे असावे. महागड्या डिजिटल फळ्याने हे काम आपोआप होत नाही.

समीकरणे. मुलांची ठरलेली चूक म्हणजे समीकरण संतुलित करताना रेणुसूत्रालाच हात घालणे. हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून पाणी तयार होते. उजवीकडे ऑक्सिजनचा एक अणू कमी पडतो म्हणून मूल ऑक्सिजनच्या पायाशी दोनचा आकडा लिहून मोकळे होते. हिशोब जुळतो, पण पाण्याचे हायड्रोजन पेरॉक्साइड झालेले असते. यावर चिंचोके आणि हरभरे उत्तम. चिंचोका म्हणजे ऑक्सिजन, हरभरा म्हणजे हायड्रोजन. दोन हरभरे चिकटवलेला चिंचोका म्हणजे पाण्याचा एक रेणू. रेणूत नवा चिंचोका खुपसायचा नाही, लागला तर आख्खा रेणू आणखी एक घ्यायचा, हा नियम. बाकावर चार हरभरे, दोन चिंचोके मांडले की पाण्याचे दोन रेणू आपसूक होतात आणि सहगुणक (रेणूच्या आधीचा आकडा) कुठे लिहायचा ते कळते.

कार्बनी संयुगांसाठी सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि माचिसच्या काड्या वापरतात. या जोडणीचा प्रसार करणारे अरविंद गुप्ता ज्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाशी जोडलेले होते, तो १९७२ मध्ये १६ शाळांत सुरू झाला होता. मिथेन, इथेन, इथीन एवढे हाताने जोडले की दुहेरी बंध सांगावा लागत नाही.

प्रयोगाचे सामान. तुरटी, नवसागर, खाण्याचा सोडा, मोरचूद ही रसायने इतवारी-मस्कासाथच्या बाजारात मिळतात. चुन्याच्या निवळीसाठी पानठेल्यावरचा चुना चालतो. ज्या शहरात खर्ऱ्याविरुद्ध (सुपारी-तंबाखू-चुन्याचे मिश्रण) शाळेच्या भिंतीवर फलक लावावे लागतात, तिथे चुना शिक्षकानेच आणावा, मुलाला धाडू नये. चमचाभर चुना लिटरभर पाण्यात ढवळून रात्रभर ठेवला की वर स्वच्छ निवळी येते. ती परीक्षानळीत घेऊन नळीने फुंकली (ओढायची नाही) की श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे कॅल्शिअम कार्बोनेट बनून ती पांढरी होते, इथवर सगळे करतात. पण फुंकत राहिले तर थोड्या वेळाने पांढरेपणा जातो, कारण त्या कार्बोनेटचे पाण्यात विरघळणारे बायकार्बोनेट होते. तेच पाणी तापवले की पुन्हा गढूळ.

लोखंडाचा खिळा मोरचुदाच्या द्रावणात ठेवण्याचा प्रयोग पाठ्यपुस्तकात सोपा वाटतो. एका वर्गात अर्धा तास वाट पाहूनही द्रावण हिरवट होईना. खिळ्यावर काळपट, भुसभुशीत थर तेवढा चढला. खिळा जस्ताचा मुलामा दिलेला निघाला. तांबे बाहेर पडत होते, पण त्याची जागा लोखंड नव्हे, जस्त घेत होते. क्रियाशीलता श्रेणी (कोणता धातू कोणाची जागा घेतो तो क्रम) त्या फसलेल्या तासात जितकी समजली तितकी नंतर पॉलिश पेपरने घासलेल्या खऱ्या खिळ्याने समजली नाही.

शहरातले दाखले. धातुविज्ञानासाठी नागपूरला दूर जावे लागत नाही. रामटेकजवळ मनसर, शिवाय कांद्री आणि गुमगाव येथे मँगनीजच्या खाणी आहेत. खाणी चालवणाऱ्या ‘मॉइल’चे मुख्यालय नागपुरातच आहे. खाणमालक डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ मध्ये उभी राहिलेली रासायनिक तंत्रज्ञानाची संस्था याच मँगनीजच्या पैशाची. जुन्या सेलमधली काळी भुकटी म्हणजे बहुतांशी मँगनीज डायऑक्साइड आणि कार्बन. धुतलेली चिमूटभर भुकटी हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये टाकली की ऑक्सिजन फसफसतो, आणि उत्प्रेरक (स्वतः न बदलता अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ) या शब्दाला चेहरा मिळतो. हे शिक्षकाने करावे, हातमोजे घालून.

शेवटचे दिवस. जानेवारीत पूर्वपरीक्षा झाली की ‘शास्त्रीय कारणे लिहा’ची पाठांतरे सुरू होतात. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडमागच्या चित्रफिती, जुन्या प्रश्नपत्रिका, सीताबर्डीच्या बाजारातल्या दुकानांतले अपेक्षित प्रश्नसंच हे सगळे तेव्हा कामाला येते. प्रश्नसंच मात्र उत्तर देतात, कारण देत नाहीत. परीक्षा संपता संपता घरोघरी कूलर बाहेर काढले जातात. बोअरच्या पाण्याने त्यांच्या जाळीवर जी पांढरी खपली धरलेली असते, ती बऱ्याच अंशी निवळीतलेच कॅल्शिअम कार्बोनेट. लिंबू पिळले की ती फसफसते. त्याच सुमारास बाजारात मृग बहराची संत्री असतात. त्यांच्या रसानेही बुडबुडे येतात, पण जरा सावकाश, कारण लिंबाच्या मानाने संत्र्यात सायट्रिक आम्ल बरेच कमी.