हॅकर की लॅग? रिपोर्ट मारण्याआधी एवढं बघा

काउंटर-स्ट्राइक २ किंवा व्हॅलोरंट या ऑनलाइन गोळीबाराच्या गेममध्ये तुम्ही धावत भिंतीआड पोचता आणि तरीही मरता. लगेच तोंडातून निघतं, ‘हॅकर आहे हा!’ बहुतेक वेळा तो लॅगच, म्हणजे नेटमुळे पडणारा उशीर, असतो. सरळ खेळणाऱ्याला भर चॅटमध्ये चोर ठरवणं हा अन्याय आहे, म्हणून हा फरक नीट कळायला हवा.

गोळी झाडणाऱ्याला त्या क्षणी स्क्रीनवर काय दिसत होतं, तिथपर्यंत सर्व्हर मागे जातो आणि मग नेम लागला का ते ठरवतो. याला लॅग कॉम्पेन्सेशन म्हणतात. समजा दोघांचं पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन लागणारा वेळ) वगैरे धरून ८० मिलिसेकंदांचं अंतर पडलं. सेकंदाला ५ मीटर धावणारा खेळाडू तेवढ्यात ४० सेंटीमीटर सरकतो. तुमच्या लेखी तुम्ही पूर्ण आडोशाला असता, पण त्याच्या स्क्रीनवर तुमचा खांदा अजून बाहेरच असतो. कोपऱ्यावर दबा धरून बसलेल्याआधी झपकन बाहेर येणाऱ्याला समोरचा दिसतो, तोही याच उशिरामुळे. यात लबाडी काहीच नाही.

वॉलहॅकचं, म्हणजे भिंतीपलीकडचे खेळाडू दाखवणाऱ्या चोरट्या सॉफ्टवेअरचं, तसं नसतं. तो मरण्याच्या क्षणी कळत नाही, त्याच्या आधीच्या दहा-पंधरा सेकंदांत कळतो. काउंटर-स्ट्राइकमध्ये मॅचचा डेमो (रेकॉर्डिंग) डाउनलोड करा, संशयित खेळाडूच्या नजरेतून बघा आणि भिंतीआडचे खेळाडू दाखवणारा एक्स-रे चालू करा. तुम्ही शिफ्ट दाबून बिनआवाज चालत होतात, त्याच्या साथीदारांनाही तुम्ही दिसला नव्हतात, तरी त्याचा क्रॉसहेअर (नेमाची खूण) भिंतीपलीकडे तुमच्याबरोबर सरकतोय का? तुम्ही थांबलात की तोही थांबतोय का?

इथेच माणसं फसतात. नेहमीच्या कोपऱ्यावर आधीच नेम धरणं किंवा अंदाजानं गोळ्या झाडणं हे नकाशा पाठ असलेला कुणीही करतो. पावलांचा आवाज, साथीदारानं दिलेली खबर, आधीच्या राउंडमधली तुमची जागा, ही कारणं आधी बाजूला काढा. ती काढूनही एका मॅचमध्ये तीन-चार वेळा तेच दिसलं, तरच संशयाला आधार आहे. एका किलवरून काही ठरवू नका.

मुद्दाम नेट तोडून-जोडून लॅग पाडणारेही असतात, आणि ती फसवणूकच आहे. पण ज्याचं नेट खरंच खराब आहे तोही त्यांच्यासारखाच स्क्रीनवर उड्या मारत दिसतो, त्यामुळे नुसतं बघून दोघांत फरक करणं अवघड जातं.

आधी स्वतःचं नेट तपासा. व्हॅलोरंटच्या सेटिंगमध्ये पॅकेट लॉसचा, म्हणजे वाटेत हरवलेल्या डेटाचा, आकडा स्क्रीनवर ठेवता येतो. तो शून्यावर टिकत नसेल, तर घरात चाललेली डाउनलोडं थांबवा आणि वाय-फायऐवजी लॅन केबल लावा. तरीही संशय उरला, तर चॅटमध्ये काही न लिहिता मॅच पूर्ण खेळा, रिपोर्टमध्ये शिवीगाळ वगैरे न निवडता चीटिंगचाच पर्याय निवडा, आणि लिहायला जागा असेल तर राउंडचा आकडा टाका.