सरकीची ढेप आणि ट्राउटचं काळीज

खानदेशात सरकीच्या ढेपेची ओळख करून द्यायला नको. कापूस जिनिंगला जातो, सरकी ऑइल मिलला जाते आणि तेल निघाल्यावर उरलेली ढेप गाई-म्हशींच्या गव्हाणीत येते. आता शेततळ्यात रोहू, कटला सोडणारे शेतकरीही माशांना पेंड आणि भाताचा कोंडा घालतात. याच सरकीच्या पेंडीनं १९६० च्या सुमारास अमेरिकेतल्या ट्राउट माशांच्या हौदांत हाहाकार उडवला होता. त्या प्रकरणाचा छडा लावणाऱ्यांत जॉन हॅल्व्हर हे नाव फार महत्त्वाचं आहे.

हॅल्व्हर (१९२२–२०१२) जीवरसायनशास्त्रज्ञ होते. वॉशिंग्टन राज्यात कोलंबिया नदीजवळच्या कुक गावी सरकारी प्रयोगशाळेत त्यांनी माशांच्या आहारावर काम केलं. नदीवर मोठी धरणं झाली, सॅमन माशांच्या वाटा अडल्या. मग पिल्लं हौदात वाढवून नदीत सोडायची वेळ आली. त्यांना कत्तलखान्यातलं काळीज, प्लीहा असं मांस घालत. ते नासायचं, महागही पडायचं. कोरडं खाद्य करावं तर माशाला नेमकं काय लागतं, याचा पक्का हिशेब कुणाकडेच नव्हता.

हॅल्व्हर यांनी तो मांडला. दुधातलं केसीन, जिलेटिन, तेल, क्षार आणि शुद्ध जीवनसत्त्वं मोजून मिसळायची, मग एका हौदाच्या खाद्यातून एकच जीवनसत्त्व वगळायचं आणि पिल्लांवर लक्ष ठेवायचं. क जीवनसत्त्व वगळलं की पिल्लांचा कणा वाकायचा. काहींची पाठ एका अंगाला वळायची, काहींची मधोमध दबायची, कल्ल्यांतल्या कूर्चाही वेड्यावाकड्या व्हायच्या. मला हे काम त्यांच्या सगळ्या कामात मोलाचं वाटतं, कारण खाद्यातला प्रत्येक घटक माहीत असला तरच बिघडलं कशानं ते सांगता येतं.

ट्राउटच्या वेळी तेच कामाला आलं. माशांच्या यकृतात कर्करोगाच्या गाठी सापडू लागल्या. माग काढत गेल्यावर संशय कोरड्या खाद्यातल्या सरकीच्या पेंडीवर आला. १९६० मध्येच इंग्लंडमध्ये ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड खाऊन एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले होते. दोन्हीकडे मूळ एकच निघालं: अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही हिरवट-पिवळी बुरशी आणि तिचं विष, अफ्लाटॉक्सिन. ट्राउट या विषाला इतका नाजूक, की खाद्याच्या अब्ज भागांत एक भागाहूनही कमी विष पुढे त्याच्या यकृतात गाठी करतं. अमेरिकेत माणसांच्या अन्नात अब्ज भागांत २० भागांपर्यंत चालतं, यावरून अंदाज यावा. पुढे ऑरेगन स्टेट विद्यापीठात रसेल सिनह्यूबर यांच्या गटानं दाखवलं, की सरकीच्या तेलातली काही खास मेदाम्लं या विषाचा जोर आणखी वाढवतात.

आपल्याला हे परकं नाही. १९७४ मध्ये नंदुरबारपलीकडे, गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात बुरशी लागलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसं यकृत निकामी होऊन गेली. बहुतेक आदिवासी, गरीब घरची. खराब आहे म्हणून मका फेकायची त्यांची ऐपतच नव्हती.

ढेपेत अजून एक गोष्ट असते, गॉसिपॉल नावाचं पिवळं द्रव्य. गाईच्या पहिल्या पोटात ते बऱ्याच अंशी बांधलं जातं. माशाला तसं पोटच नाही. म्हणजे ताजी, स्वच्छ ढेपसुद्धा तळ्यात हात सैल सोडून घालायची नसते. रोहू ट्राउटइतका नाजूक नाही, पण अफ्लाटॉक्सिननं त्याची प्रतिकारशक्ती घटते, हे भारतातल्या प्रयोगांत दिसलं आहे. ढोरांनी तोंड फिरवलेली कुबट ढेप 'मासे खातील' म्हणून तळ्यात ओतू नये, ती गाडूनच टाकावी. उन्हात वाळवली की बुरशी दिसेनाशी होते, विष मात्र पुरतं जात नाही. दुभत्या जनावरानं ते खाल्लं तर दुधात उतरतं आणि दूध उकळूनही जात नाही.

परतीचा पाऊस उघड्या बोंडांवर पडला, की बुरशीला शेतातच सुरुवात होते. अशा हंगामातली ढेप घेताना पोतं उघडून वास घ्यावा, ढेकूळ फोडून आत बघावं, घरी पोती जमिनीला आणि भिंतीला न टेकवता फळ्यांवर रचावीत. मोठा माल घ्यायचा असेल तर नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. अफ्लाटॉक्सिन डोळ्यांना दिसत नाही.